परवानगी नसलेली गाडी

विजेवर चालणारी मोटार हवी असेल तर नवी मुंबईला जा. आमच्या साताऱ्यात शोरूमवाला चार-पाच महिने थांबा म्हणतो, आणि जुनी तर कुणी विकायलाच काढत नाही. तिकडे मात्र अशा गाड्या ओळीनं उभ्या आहेत, धूळ खात, गिऱ्हाइकाची वाट बघत. मी स्वतः पाहून आलोय, त्यातली एक घेऊनही आलोय. इतक्या चांगल्या गाड्या इतक्या सहज का मिळतात हे जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं, तरी मी घेतली. ज्यांना जायचंय त्यांनी हे आधी वाचावं आणि मग खुशाल जावं.

मी आधी बसचा ड्रायव्हर आणि पुढे बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. तेहतीस वर्षं डिझेलच्या धुरात काढली. घरी आलो की आमची सुशीला म्हणायची, शर्ट दारातच काढा. तेव्हा ती थट्टा होती. दोन वर्षांपूर्वी तिची किडनी गेली, तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावापासून हॉस्पिटल पस्तीस किलोमीटर. गावातल्या एकाची जीप ठरवली आहे, पण तो मनाला येईल तेव्हा येतो, आणि जीपमध्ये बसलं की डिझेलच्या वासानं सुशीलाला मळमळायला लागतं. चार तास सुया टोचून घेतलेली बाई परतीच्या वाटेवर खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकते, आणि मी तिची पाठ चोळत बसतो. माझ्या नोकरीचा वास आता तिला भोवतोय असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात तसं काही नसतं.

दिवाळीत माझा धाकटा भाऊ दिलीप गावी आला होता. त्यानं हे सगळं एकदा डोळ्यांनी बघितलं आणि निघताना म्हणाला, "दादा, तुमी टेन्शन नका घेऊ. बिनवासाची गाडी मी बघतो." फाल्गुनात त्याचा फोन आला, या म्हणून. शनिवारच्या डायलिसिसला सुशीलाबरोबर जायला शेजारीण कबूल झाली, तेव्हा मी निघालो.

वाशी, शुक्रवार

दिलीप अठराव्या वर्षी वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहायला गेला. पुढे टोळीचा मुकादम झाला. पाठ गेली तेव्हा बाजार सोडला, आणि आता तो राहतो त्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सात मजल्यांच्या तीन इमारती, मध्ये पार्किंग. फाटकावर हिरव्या रंगात पाटी आहे, ‘आमची सोसायटी, हरित सोसायटी’. खाली ओल्या कचऱ्याचं खत करायचा पिंप आहे, तुळशीच्या कुंड्या आहेत. मला पाटी आवडली. मनात म्हटलं, पोती वाहणारं आमचं पोर शहरात येऊन झाडांची काळजी घेतंय.

कल्पनानं, म्हणजे दिलीपच्या बायकोनं, माझ्यासाठी बाजरीची भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती. मी दोन घास खाल्ले नाहीत तोच दारावरची बेल वाजली. कुणाच्या बाथरूममधून खाली पाणी गळत होतं. ते गेले तर कबुतरांना दाणे घालणाऱ्या बाईंची तक्रार घेऊन एक गृहस्थ आले. मग खिडकीला जाळी लावायची म्हणून एक जण अर्ज देऊन गेला. प्रत्येकाच्या पायात घरातल्या सपाता आणि हातात कागद. दिलीप जेवता जेवताच सांगायचा, "अर्ज ठेवा. मीटिंगमध्ये घेतो."

आमच्याकडे असं नाही. भिंतीतून नळ न्यायचा असेल तर आमच्याकडे शेजाऱ्याशी भांडण होतं, दोन दिवस बोलणं बंद होतं, आणि तिसऱ्या दिवशी नळ गेलेला असतो. इथे भांडण होत नाही. सगळं नम्रपणे चालतं, ‘आपला विश्वासू’ म्हणून खाली सही असते, आणि जाळी काही लागत नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा कल्पना हसली. दिलीप म्हणाला, "दादा, तीन बिल्डिंगा सांभाळायच्या म्हंजे कायद्यानं वागावं लागतं." मला त्याचा अभिमानच वाटला. आमच्या घरातला कुणी आजवर कुठल्या कागदावर सही करण्याच्या जागी बसला नव्हता.

ऐरोली, शनिवार

दुसऱ्या दिवशी आधी नवी गाडी बघून येऊ म्हणून आम्ही ऐरोलीला गेलो. खरं तर नवी झेपणार नाही हे मला माहीत होतं. पण नव्या बाजारात काय चाललंय ते बघितल्याशिवाय जुन्यावर बोली लावू नये, हे मी जनावरांच्या बाजारात शिकलोय.

ऐरोलीला काचेच्या इमारती आहेत, आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरी टपरीवर उभ्यानं चहा पीत असतात. मराठी, हिंदी, इंग्रजी अशी एकाच वाक्यात फिरतात आणि कुठेही ठेचकाळत नाहीत. शोरूमही त्यांच्याचसारखं चकचकीत होतं. मी विचारलं, किती दिवस थांबायचं? विक्रीवाला पोरगा म्हणाला, "थांबायचं कशाला सर? रेडी स्टॉक आहे. आज बुक करा, मंगळवारी न्या. कलर कुठला देऊ?"

मला धक्काच बसला. मी त्याला साताऱ्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, इथे तसं नाही, इथे गाड्या भरपूर आहेत. मग त्यानं एक प्रश्न विचारला, जो मला तेव्हा फालतू वाटला. "सर, सोसायटीची एनओसी आहे ना? चार्जिंगसाठी?" मी सांगितलं की सोसायटी नाही, घर स्वतःचं आहे, पुढे अंगण आहे, मागे गोठा आहे. पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी मोठा जमीनदार आहे. "स्वतःचं अंगण," तो म्हणाला, "मग तुमचा प्रश्नच मिटला." दिलीप तेवढ्यात मोबाइल कानाला लावून बाहेर गेला होता. फोन आला होता की नाही, देव जाणे.

चाचणीसाठी गाडीत बसलो तर माझी फजिती झाली. बटण दाबलं, काही आवाज नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. तिसऱ्यांदा दाबून म्हणालो, बॅटरी उतरलीय हो तुमच्या गाडीची. मागच्या सीटवरून पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही दोनदा चालू केली आणि एकदा बंद." आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा म्हणून आगारात माझं नाव होतं. इथे कानाला कामच नव्हतं. गाडी हलली तेव्हा पाण्यात होडी सोडावी तशी निघाली. मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि सुशीला तिथे डोळे मिटून बसलेली मला दिसली. मग ही गोष्ट डोक्यातून गेलीच नाही. परत येताना दिलीपला म्हणालो, काहीही कर, पण अशी एक जुनी मिळव.

तो म्हणाला, "उद्या नावड्याला जा. हिराजीकडं. त्याच्याकडं एक पांढरी आहे, आधी तीच बघा." तू येत नाहीस का, विचारलं, तर त्याला रविवारी सोसायटीची कामं होती.

नावडे, रविवार

नावडे तळोज्याच्या कारखान्यांना लागून आहे. गाव आहे, वसाहत आहे, आणि हवेत औषधाच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखा वास आहे. हिराजी तिथला मूळचा माणूस, पन्नाशीचा, गळ्यात जाड साखळी. वडिलांची भातशेती गेली, त्या बदल्यात जो तुकडा मिळाला त्याला पत्र्याचं कुंपण घालून त्यानं जुन्या गाड्यांचा धंदा टाकलाय. आवारात शिरलो आणि थांबलो. दोन ओळी, सगळ्या विजेच्या. काही गाड्यांच्या सीटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. नव्या गाडीला बांधलेली लिंबू-मिरची वाळून तशीच लोंबत होती.

मला वाटलं, हा माल खराब असणार. पुरात बुडालेल्या, नाहीतर ठोकलेल्या. मी वाकून खाली बघितलं, दारांचे सांधे बघितले, गाद्यांचा वास घेतला. हिराजी मागून गंमत बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, गारी येकदम चांगली हाय. खराब गारी नाय, जागा खराब हाय."

मग त्यानं मला समजावलं. नवी मुंबईत माणूस गाडी घेतो, हौसेनं पेढे वाटतो, आणि मग पार्किंगमध्ये वायर टाकायला सोसायटीकडे परवानगी मागतो. सोसायटी म्हणते, आग लागली तर? मीटर कुणाचा? लिफ्टची वीज गाडीनं ओढली तर? अर्ज पडून राहतो. मालक रोज कुठल्या तरी मॉलच्या नाहीतर पंपाच्या रांगेत तास-दीड तास उभा राहतो. सहा महिने हे करतो आणि मग गाडी हिराजीकडे आणून लावतो. "सरकारचा नियम हाय, परवानगी द्यायाला लागते," हिराजी म्हणाला. "पन सेक्रेटरीशी कोन भांडनार? त्याच जिन्यानं रोज वर जायाचा हाय." त्यानं हात करून सगळं आवार दाखवलं. "हिकरं आमचा भात पिकायचा. आता सोसायट्यांनी नको म्हटलेल्या गाऱ्या पिकतात."

मला हसू आलं. खरं सांगतो, पोट धरून हसलो. शहराच्या मूर्खपणावर गावच्या माणसाला हसायला मिळतं तेव्हा फार बरं वाटतं.

जेवायची वेळ झाली होती. हिराजीनं घरी नेलं. त्याच्या बायकोनं तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि कांद्यात परतलेली सुकट वाढली. आमच्याकडे भाकरी थापतात ती ज्वारीची, जाड, खाल्ली की दोन तास पुरते. ही रुमालासारखी मऊ, घडी घातली तर घडी राहील. मी चार खाल्ल्या. घराच्या भिंतीतून एक जाड वायर निघून आवारात गेली होती. तिच्यावर आळीपाळीनं सगळ्या गाड्या चार्ज व्हायच्या. मी विचारलं, परवानगी? हिराजी म्हणाला, घर आमचा, वायर आमची.

पांढरी गाडी खरंच सुरेख होती. जेमतेम वर्षाची. मागच्या सीटवर एक लहानशी, घट्ट भरलेली उशी होती, स्वच्छ अभ्र्याची. मी एक फेरी मारून आलो आणि मनात गाडी घेऊनही टाकली. सवयीप्रमाणे कागद तपासायला पुढचा कप्पा उघडला. विम्याचे कागद होते, पुस्तिका होती, आणि एक पातळ फाइल. फाइलमध्ये अर्ज होते, एकाच बाईंचे, ओळीनं पाच. ‘स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चानं वायर टाकण्यास परवानगी मिळावी.’ पाचव्याला सरकारी नियमाची प्रत जोडलेली. सगळ्यात खाली उत्तर होतं. सोसायटीचा छापील कागद, वर नाव, नावाखाली ‘हरित सोसायटी’. ‘समितीच्या सभेत सर्वानुमते ठरल्यानुसार आपली विनंती अमान्य करण्यात येत आहे.’ खाली सही. ‘दि’ची वेलांटी लांबवून शेवटी दोन टिंबं देणारी ही सही मी ओळखतो. तिसरीत असताना ती त्याला मीच काढून दिली होती.

मग मी तारीख बघितली. संक्रांतीनंतरची होती. दिवाळीत तो म्हणाला होता, गाडी मी बघतो.

हिराजी विचारत होता, पसंत हाय ना. मी हो म्हटलं. फाइल मी पिशवीत टाकली.

वाशी, त्याच दिवशी संध्याकाळी

दिलीप बाल्कनीत खुर्ची टाकून बसला होता. मी फाइल त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती उघडली नाही. कल्पना चहा घेऊन आली, आमची तोंडं बघितली आणि कप ठेवून आत गेली.

मी विचारलं, हे माझ्यासाठी केलंस का? मला वाटत होतं तो रागावेल. आगीचं, लिफ्टचं, कायद्याचं काहीतरी सांगेल. मला तेच हवं होतं. त्यानं तसं काही सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता.

तो खाली पार्किंगकडे बघत बोलायला लागला. "समितीत आम्ही सात जण. तिच्या बाजूनं तीन हात वर झाले, विरोधात तीन. सगळे माझ्याकडं बघायला लागले. दादा, त्या टायमाला मला वहिनी दिसली. जीपच्या खिडकीतनं डोकं बाहेर काढून ओकताना. मला म्हाईत होतं, परवानगी नाय मिळाली तर ही बाई गाडी इकणार. मी हात वर केला."

मला सुचलं ते एवढंच. मी विचारलं, तीन-चार झालं, मग ‘सर्वानुमते’ का लिहिलंस? तो जरा चकित झाला. "तसं लिहायची पद्धत आहे दादा. सगळे तसंच लिहितात."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. म्हणालो, अजून उशीर झालेला नाही, पुन्हा सभा घे, तिला परवानगी दे, मी गाडी घेत नाही. तो माझ्याकडे वळला आणि अगदी हळू म्हणाला, "बरं. आणि वहिनी?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुशीलाच होती. जीपवाल्याच्या मेव्हणीचं लग्न निघालंय, मंगळवारी तो येणार नाही म्हणून सांगायला आला होता. ती चिडलीही नव्हती. हल्ली ती चिडत नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. म्हणाली, बघू हो, एखादा मंगळवार चुकला तर काय होतंय. काय होतं ते आम्हा दोघांना ठाऊक आहे. आषाढात एकदा चुकला होता, तेव्हा पाय सुजून चपला चढत नव्हत्या आणि तिला आडवं होऊन श्वास घेता येत नव्हता.

मी सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत येतो. तिनं गाडीचं विचारलं तर बघतोय म्हणालो. दिलीपनं सगळं ऐकलं. चहा निवला होता, आम्ही तो तसाच प्यायलो.

वाशी, सोमवार सकाळ

गाडीच्या मालकीणबाई त्याच सोसायटीत, शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. हस्तांतराच्या कागदांवर त्यांच्या सह्या हव्या होत्या. मी मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो की खरं काय ते सांगायचं आणि गाडी नको म्हणायचं. जिन्यानं गेलो, लिफ्टनं गेलो नाही. तीन मजले चढेपर्यंत निश्चय टिकला.

वैशालीताई चाळिशीच्या असतील. आईबरोबर राहतात. फिजिओथेरपिस्ट आहेत, म्हणजे घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांकडून, पक्षाघात झालेल्यांकडून व्यायाम करून घेतात. त्यांनी मला बसवलं, पोहे दिले. गाडी कुणासाठी घेताय, विचारलं. मी सुशीलाचं सांगितलं. माझा विचार एवढंच सांगायचा होता, पण त्या प्रश्न विचारत गेल्या. कुठल्या हाताला फिस्टुला, म्हणजे सुया टोचायची शीर, आहे, परतताना चक्कर येते का, पायात गोळे येतात का. आजवर डॉक्टरनंही इतकं विचारलं नव्हतं. मी बोलत सुटलो. पोहे निवले.

मग त्या उठल्या आणि खुर्चीवर मला बसवून, पेशंटला गाडीतून कसं उतरवायचं ते करून दाखवलं. आधी दोन्ही पाय बाहेर, मग आधार द्यायचा तो दंडाला नाही, पाठीला. ज्या हातात सुया टोचतात तो हात ओढायचा नाही. मी दोन वर्षं तोच हात धरून ओढत होतो. त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतलं. म्हणाल्या, मागची उशी गाडीतच राहू द्या, कमरेशी ठेवा. गाडीची डावी काच थोडी अडते, दोन बोटांनी दाबून वर करायची.

मी विचारलं, तुमच्या पेशंटांचं काय? त्या म्हणाल्या, वाशीतले आणि जवळपासचे रिक्षानं होतात. तळोज्याचे सोडावे लागले. तिथे एक काका होते, त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर यायला लागला होता. आता तिथे कुणी जात नाही. मुलगा फोन करतो, हात पुन्हा खाली गेला म्हणतो. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. मी म्हणालो, नियम आहे ना सरकारचा, भांडला का नाहीत? त्या म्हणाल्या, "भांडले असते. पण दिवसभर पेशंट बघू की कचेरीच्या पायऱ्या चढू?"

मग त्यांनी विचारलं, गावी चार्जिंग कुठे करणार. गोठ्यात जाड प्लग आहे, कडबा कापायच्या यंत्राचा, त्यावर करीन म्हणालो. परवानगी कुणाची, त्यांनी विचारलं. म्हशीची, मी म्हणालो. त्या इतक्या हसल्या की आतून त्यांची आई बघायला आली. मीही हसलो. हसता हसता त्यांनी सह्या केल्या, आणि मी कागद घेतले.

जे बोलायला गेलो होतो ते मी बोललो नाही. संधी नव्हती असं म्हणणार नाही. दहा वेळा होती.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचं आडनाव वाचूनच कळलं होतं मला. वर्षभर सोसायटीच्या नोटिशींवर ती सही बघतेय."

मला वाटलं फरशी फाटून पोटात घेईल तर बरं. कसंबसं विचारलं, तरी गाडी दिलीत?

"गाडी तुमच्या मिसेसना दिलीय." त्यांनी दार धरून ठेवलं. "तुमच्या भावाला एक सांगाल? त्या दिवशी मला बाजू मांडायला बोलावलं होतं. मी तिथेच होते. तीन हात माझ्या बाजूनं वर झाले होते, मी मोजले. पहिल्या मजल्यावरच्या आजी तर काठी टेकून उभ्या राहिल्या होत्या. सर्वानुमते नव्हतं ते. तेवढं सुधारून घ्यायला सांगा. मला आता परवानगी नको, पण त्या तिघांसाठी."

मी सांगतो म्हणालो.

खाली दिलीप गाडीजवळ उभा होता. हिराजीनं सकाळीच आणून लावली होती. कल्पनानं ओवाळायला ताट आणलं होतं, चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. दिलीपनं नारळ फोडला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला पडदा होता. मी दिलीपला निरोप सांगितला, शब्द न शब्द. त्यानं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "कायम झालेला ठराव बदलता येत नाय दादा." मग माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला. न देऊन काय करणार होतो?

घाट, आणि घर

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं फार नाही. घाटात मालट्रकांच्या धुरातून गाडी आवाज न करता चढत राहिली. घाट संपल्यावर एका धाब्यावर तासभर चार्जिंगला लावली. तिथे माझ्यापुढे रांगेत एकही माणूस नव्हता. वेटर म्हणाला, मशीन नवीन बसवलंय, पण येतं कोण? मी मिसळ खाल्ली. तिला चव नव्हती की मला, सांगता येत नाही.

अंधार पडायच्या आत घरी पोचलो. गोठ्यात वायर लावली तेव्हा म्हशीनं एकदा मान वळवून बघितलं आणि पुन्हा कडबा खायला लागली. शेजारचे चौघं बघायला आले. सगळ्यांनी विचारलं, एवढी नवीकोरी गाडी लगेच कशी मिळाली? मी म्हणालो, तिकडे भरपूर आहेत.

मंगळवारी सकाळी सुशीलाला गाडीत बसवलं. आधी तिचा पदर आवरला, मग पाठीला हात लावून पाय आत घेतले. ती म्हणाली, हे कुठून शिकून आलात? मी म्हणालो, तिकडेच. हॉस्पिटलला वेळेवर पोचलो. चार तासांनी निघालो, आणि मी दर वळणाला तिच्या तोंडाकडे बघत होतो. सातारा मागे पडलं, रहिमतपूरचा रस्ता लागला. नेहमी इथे जीप थांबवावी लागायची. ती काच खाली करून शेताकडे बघत होती. म्हणाली, "वासच येत नाही हो कसला. हरभऱ्याचा येतोय." दोन वर्षांत परतीच्या वाटेवर ती पहिल्यांदाच काही बोलत होती.

मग तिनं दिलीपचा विषय काढला. भाऊजींचे उपकार झाले म्हणाली. रविवारी बरं वाटलं तर त्यांच्यासाठी डिंकाचे लाडू करीन. गाडी कुणाची होती, विचारलं. मी सांगितलं, एका बाईंची, पेशंटांना व्यायाम देतात. ती उशी चाचपत राहिली.

"त्यांनी खुशीनं दिली ना हो? कुणाचा तळतळाट नको आपल्या गाडीला."

माझ्या खिशात दिलीपची सही असलेला कागद होता. वाशीतच फाडून टाकायचा म्हणून फाइलमधून काढला होता, आणि फाडला नव्हता.

"सगळ्यांच्या खुशीनं," मी म्हणालो.

तिनं उशी कमरेशी ओढून घेतली, डोळे मिटले, आणि गाव येईपर्यंत झोपली.